पहिल्या वर्षाचा आल्बम

धम्मदिना भालेरावला माणसं फारशी आवडत नसत, आणि ते लपवण्याचे कष्टही ती घेत नसे. भिवंडीत कल्याण नाक्याजवळ केसरीनाथचा फोटो स्टुडिओ होता. खाली कॅमेरा, पडदे आणि गल्ला. माडीवर कॉम्प्युटर, प्रिंटर, कात्र्या आणि धम्मदिना. वर जाणाऱ्या गिऱ्हाइकाला केसरीनाथ आधीच सांगून ठेवी, "बाई जरा कडक आहे, मनावर घेऊ नका." गिऱ्हाईक हसत वर जाई आणि तोंड पाडून खाली येई. कुणी म्हणालं, "ताई, मला जरा गोरी करा," की ती मान वर न करता म्हणे, "ते तुमच्या आईला सांगायचं होतं, मला आता काय सांगता?"

तरी माणसं येत. शिव्या खाऊन येत, कारण तिच्यासारखा आल्बम सबंध तालुक्यात कुणी करत नव्हतं. हे तिलाही पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच तिचं नाक कायम वर असे.

डिजिटल आल्बम तेव्हा नुकते आले होते. केसरीनाथने मुंबईहून कॉम्प्युटर आणला, त्याच्यासोबत तयार नक्ष्यांची एक परदेशी सीडी आणली. तिच्यात ऋतूंची पानं होती. एका पानावर बर्फ, एकावर कसल्याशा झाडाची लाल पानं, एकावर भोपळे, एकावर ससे. केसरीनाथने हौसेने ती वापरायला सुरुवात केली. जवळच्या वडपे गावच्या नवरीच्या डोक्यावर बर्फ पडतोय आणि नवरी शालूत घामाने डबडबलेली, असे आल्बम त्या वर्षी घरोघर गेले. लोकांनी कौतुकही केलं. लोकांना काय, चकाकलं की झालं.

धम्मदिना कामावर लागली आणि पहिल्या आठवड्यातच तिने त्या सीडीवर चहाचा पेला ठेवायला सुरुवात केली. "हे कुणाचे ऋतू आहेत? आपल्याकडे ससे कधी आले?" तिने स्वतःचे ऋतू केले. शिमग्याच्या पानाला पळस. पावसाच्या पानाला भातलावणीचं खाचर. गौरीच्या पानाला तेरडा. दिवाळीला पायाखाली फोडायचं कारेट. फुलं-पानं ती सरळ स्कॅनरच्या काचेवर मांडी, वरून काळं कापड टाकी आणि स्कॅन करी. ओला तेरडा मशीनवर बघून केसरीनाथ पहिल्यांदा ओरडला होता. ती उलट एवढं बोलली, की त्याने पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

आणि नुसतं कॉम्प्युटरवर तिचं भागत नसे. पान छापून झालं की तिचे हात खरे चालू होत. लूमवरून उतरलेल्या कापडाच्या फेकून द्यायच्या कडा ती उचलून आणी आणि पानाला किनार लावी. लग्नपत्रिकेतला गणपती कापून, खाली जाड कागदाचे तुकडे देऊन उठावदार चिकटवी. हा हात तिला बापाकडून आला होता. दत्तू भालेराव उभा जन्म एका छापखान्यात पुस्तकं बांधायचा. खळीत मोरचूद घातला की कागदाला कीड लागत नाही, हे तिला अक्षरओळख व्हायच्या आधी ठाऊक होतं. तरी संक्रांतीच्या पानावर एकदा तिने हौसेने खराखुरा हलवा चिकटवला आणि मुंग्यांनी सबंध संक्रांत फस्त केली. तेव्हापासून ती पांढऱ्या कागदाच्या बारीक गोळ्या वळून हलवा करी. त्या इतक्या हुबेहूब होत, की लहान पोरं चाटून बघत.

तिचा सगळ्यात चालणारा माल म्हणजे पहिल्या वर्षाचा आल्बम. नव्या सुनेचे पहिल्या वर्षीचे सगळे सण केसरीनाथ घरी जाऊन टिपायचा आणि वर्ष सरल्यावर ऋतूंच्या क्रमाने धम्मदिना ते बांधायची. पहिला शिमगा, पहिल्या गौरी, पहिली दिवाळी, आणि शेवटी काळी साडी नेसून हलव्याच्या दागिन्यांतली संक्रांत. सासरची माणसं हे बाड दिवाणखान्यात ठेवत आणि पाहुण्यांच्या मांडीवर आदळत.

वडप्याच्या दौलत भोईरने असाच आल्बम करवून घेतला होता. हायवेलगतची जमीन गोदामांना गेल्यापासून दौलतकडे बंगला होता, पांढरी गाडी होती आणि आवाज होता. त्याच्या मुलाचं, भाविकचं, लग्न झालं. सून दिपाली. वर्षभराचे फोटो धम्मदिनाच्या समोर एकदम आले, आणि ते तिने क्रमाने लावले, तेव्हा तिला त्यांत जे दिसलं ते घरी जाऊन फोटो काढणाऱ्या केसरीनाथला दिसलं नव्हतं. शिमग्यात दिपाली सगळे दात दाखवून हसत होती. गौरीच्या वेळी, भर उकाड्यात, तिच्या ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत आल्या होत्या. दिवाळीत तिने डावा हात पदराखाली धरला होता. संक्रांतीला हलव्याची बिंदी, हलव्याचा हार, आणि गालावर पावडरीचा थर. थराखालून निळं दिसत होतं.

"गालावर डाग आलाय बघ, तेवढा काढ," केसरीनाथ म्हणाला.

तिने काढला. काढताना तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण काढला. आल्बम वडप्याला गेला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिपाली माहेरी निघून गेली आणि परत आली नाही, एवढं कानावर आलं.

त्यानंतरच्या वर्षी, शिमगा तोंडावर आलेला असताना, दौलत स्वतः माडी चढून वर आला. मागून त्याची आई, पुतळाबाई. म्हातारीने आल्बम छातीशी धरला होता.

"यातली ती पोरगी काहाडायची," दौलत उभ्याउभ्याच म्हणाला.

"कोण पोरगी?"

"ती. दिपाली. सगल्या पानांवरशी. घर पायजे, सन पायजेत, माजी आय पायजे, माजा पोर पायजे. ती न्हाय पायजे. आनि तिची जागा रिकामी ठेव. दिघाशीची पोरगी बगितलीय. साखरपुड्याआधी ती येईल फोटो काहाडायला. तिला बसवायची त्या जागेवर. पावन्यांना दाखवायला आल्बम तयार पायजे."

धम्मदिनाने खुर्ची मागे सरकवली. "त्याचं लग्न झालंय. ते मोडलंय का रीतसर?"

"ते आमी बगू."

"दिघाशीवाल्यांना सांगितलंय?"

"सांगितलाय. पहिला साखरपुडा मोडला असा सांगितलाय. तू फोटोवाली हायेस का वकील?"

"फोटोवाली आहे म्हणूनच विचारते. हिला मी काढली तर तुमच्या खोटेपणाला माझे हात लागतात."

दौलतच्या कपाळाची शीर टरारली. मध्येच पुतळाबाईने विचारलं, "आरनाव काय गो तुजा?"

"भालेराव."

धम्मदिनाने बोलता बोलता आल्बमवर हात ठेवला होता. तिने हात उचलल्यावर पुतळाबाईने पदराच्या टोकाने तेवढी जागा पुसली. सावकाश पुसली. धम्मदिनाने ते पाहिलं, आणि पाहिलंय हे म्हातारीला कळू दिलं. "नीट पुसा," ती म्हणाली. "आतली सगळी पानं पण माझ्याच हातची आहेत. एकेक करून पुसत बसा. संक्रांतीच्या पानावर माझी थुंकीसुद्धा आहे, गोळ्या वळताना बोट ओलं करावं लागतं."

खाली आल्यावर दौलतने केसरीनाथला जे सुनवलं ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. केसरीनाथ धापा टाकत वर आला. तो वाईट माणूस नव्हता, नुसता घाबरट होता, आणि घाबरट माणसाचा धम्मदिनाला वाईट माणसापेक्षा जास्त संताप येई.

"अगं, वडप्याची निम्मी लग्नं त्याच्या शब्दावर मिळतात आपल्याला. तू नाही केलंस तर समोरच्या स्टुडिओतला करेल. आणि मग मला त्या समोरच्यालाच बोलवावं लागेल इथं, तुझ्या खुर्चीवर. मी स्पष्ट बोलतो."

"बोलव. त्याला ससे आणि भोपळे चांगले येतात."

"धम्मा, डोकं शांत ठेव. आपल्याला काय करायचंय? आपण चित्रं करतो."

दुसरी नोकरी कुठली मिळणार होती? कपड्याच्या गोदामात घड्या घालायची, नाहीतर कुणाच्या तरी दुकानात टायपिंगची. हा कॉम्प्युटर, हा स्कॅनर, ही कागदांनी भरलेली फळी तिला कुणी दिली नसती. ती तणतणत कामाला बसली.

आणि वाईट काम तिला करताच येत नसे, हाच तिचा खरा शाप. दिपालीला काढायचं म्हणजे नुसती तिची आकृती पुसून भागत नव्हतं. तिच्या मागची भिंत भरायची, जमिनीवरची सावली काढायची, कपाटाच्या आरशातली पाठ काढायची. दिवाळीच्या पानावर भाविकचा हात दिपालीच्या खांद्यावर होता. ती गेल्यावर तो हवेत लोंबकळायला लागला. धम्मदिनाने चडफडत त्याला हातात नारळ दिला. गौरीच्या पानावर तिच्या जागी तेरडा वाढवला. संक्रांतीच्या पानावर मात्र काहीच करता येईना, कारण ते पानच तिचं होतं. तिथे तिने रिकामी खुर्ची ठेवली आणि खुर्चीच्या पाठीवर काळी साडी टाकली. नव्या कागदावर पानं छापली, नव्या किनारी लावल्या, नवा कागदी हलवा वळला. पाहणाऱ्याला शंका येणार नाही असं देखणं काम झालं. ते बघून तिला स्वतःच्या हातांचा राग आला.

कॉम्प्युटरवर मात्र दिपाली होती. धम्मदिनाच्या कामात प्रत्येक पान म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद असत आणि प्रत्येक कागदासमोर पडद्याच्या कडेला एक छोटा डोळा. डोळा बंद केला की तो कागद दिसेनासा होई, उघडला की पुन्हा दिसे. दिपालीला तिने वेगळ्या कागदावर उचलून ठेवलं होतं आणि डोळा बंद केला होता. पुसून टाकायला दौलतने सांगितलं होतं. त्याच्या बापालाही कळलं नसतं.

सकाळी डबा भरताना तिने आईसमोर दौलतच्या सात पिढ्या उद्धरल्या. पुतळाबाईच्या, भाविकच्या, केसरीनाथच्यासुद्धा. तिची आई द्रौपदी भाकरी थापत ऐकत होती. या बाईचा स्वभाव लेकीत उतरला होता, फक्त ती कमी शब्दांत काम भागवायची.

"काढली कुणी तिला?" द्रौपदीने विचारलं.

"मी."

"मग त्यांना काय शिव्या देतेस? हात तुझा होता ना?"

"नोकरी गेली असती."

"गेली असती. मी कुठं नाही म्हणते? पण आता ती दिघाशीची पोर उद्या त्या घरात जाणार. तिला कोण सांगणार, मी?" द्रौपदीने भाकरी तव्यावर टाकली. "डबा घे. उशीर झालाय."

तेव्हा धम्मदिनाने ठरवलं. पोरगी फोटोला येईल तेव्हा तिला सगळं दाखवायचं. मग दौलतने स्टुडिओ डोक्यावर घेऊ दे, नाहीतर केसरीनाथने खुर्ची काढून घेऊ दे. एक मुलगी तरी वाचेल.

दिघाशीची क्षितिजा आली ती दुपारची. केसरीनाथ एका बारशाला गेला होता. मुलीची आई हौसा तिला दारात सोडून समोर बांगड्या भरायला गेली. पोरगी पंचविशीच्या आसपासची, रुंद खांद्याची, केसांचा घट्ट अंबाडा, नवी गुलाबी साडी. माडी चढून आली आणि बसायला सांगायच्या आधी बसली.

"फोटो कवा काहाडनार?"

"काढू. आधी हे बघ." धम्मदिनाने पडदा तिच्याकडे वळवला. संक्रांतीचं पान. खुर्ची, काळी साडी, भोवती पांढरा हलवा. "हे तुझं होणारं सासर. इथं तुला बसवायचंय."

"मंग बसव."

धम्मदिनाने माऊस हलवला आणि बंद डोळा उघडला. खुर्ची गेली. तिच्या जागी दिपाली आली. हलव्याची बिंदी, हलव्याचा हार, गालावर पावडर. मग तिने दुसरं पान काढलं, तिथला डोळा उघडला. मग तिसरं. नारळ गेला आणि भाविकचा हात दिपालीच्या खांद्यावर परत आला.

"ही त्याची बायको. साखरपुडा मोडलेला नाही, लग्न झालेलं आहे. वर्षभर नांदली. या बाह्या बघ. हा हात बघ. गालावरचं निळं मी माझ्या हाताने पुसलं होतं, ते परत आणून दाखवू? तो मारतो. आता घरी जा आणि बापाला सांग."

क्षितिजाने पडद्याकडे पाहिलं. मग धम्मदिनाकडे. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय?"

"सगला. वडपा आनि दिघाशी काय लांब हायत? तिची मावशी आमच्या गावान, आमचेच आलीन ऱ्हाते. माजे बापाला म्हाईत हाय, आयला म्हाईत हाय. तुना वाटला तू एकटीच हुशार?"

धम्मदिनाने हातातला माऊस टेबलावर आपटला. मग ती उसळली. "माहीत आहे आणि तरी चाललीस? डोळे फुटलेत का तुझे? असल्या घरात..."

"आवाज कमी कर." क्षितिजाचा आवाज आता चढला होता. "तू कोन मना शिकवनारी? मी न्हाय बोल्ले तवा घरान दोन दिस कोनी जेवला न्हाय. माजे पाठीवर दोन भनी हायत. बापाने शब्द दिलाय. बस पकरून कुठं जाऊ मी? तुजे घरान ठेवशील मना? बोल ना. ठेवशील?"

धम्मदिनाने मनात घर मोजलं. द्रौपदी, ती स्वतः, भाऊ, भावाची बायको आणि त्यांची मुलं दोन खोल्यांत राहत होती. आणि समजा जागा असती, तरी तिने ठेवलं असतं का? तिला उत्तर माहीत होतं आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

"न्हाय ना?" क्षितिजा म्हणाली. "मंग फोटो काहाड. तू बी त्यांचाच काम करतेस. उगा माजेवर कशाला चिडतेस?"

रस्त्यापलीकडच्या लूमची धडधड खिडकीतून येत होती. धम्मदिनाला त्या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी तिच्या समोरून उठून जावंसं वाटलं. ती कॅमेरा घ्यायला जिन्याकडे वळली.

"थांब," क्षितिजा म्हणाली. "ती परत दाखव. खुर्चीवाली."

धम्मदिनाने संक्रांतीचं पान उघडलं. क्षितिजाने स्वतः माऊस हातात घेतला. कुठे दाबायचं ते तिने मघाशी बघून ठेवलं होतं. तिने डोळा बंद केला. दिपाली गेली. उघडला. दिपाली आली. पुन्हा बंद केला. असं ती बराच वेळ करत राहिली.

"मना काहाडायला किती वेल लागंल?" तिने विचारलं.

"काय?"

"उद्या त्याना तिसरी आनली. मंग दौलत परत येनार तुजेकडं. बोलनार, हिला काहाड. तवा मना काहाडायला तुना किती वेल लागंल?"

धम्मदिनाने आयुष्यात कुणाची समजूत घालण्यासाठी खोटं सांगितलं नव्हतं, आणि या मुलीला ती ते सांगणार नव्हती.

"साध्या पडद्यासमोर फोटो काढला आणि केस बांधलेले असले, तर खालून चहा येईपर्यंत निघतं माणूस. दिपालीचा अंबाडाच होता. कड सरळ मिळते, कापलं की झालं."

"आनि केस मोकले असले तर?"

"मग कठीण. उडणारा एकेक केस मागच्या रंगात मिसळतो. कितीही कोरत बसलं तरी कड राहते. बघणाऱ्याला कळतं, की इथून कुणाला तरी काढलंय."

क्षितिजा उठली. जिना उतरून खाली पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. धम्मदिना मागोमाग गेली आणि तिने स्टुडिओतला दुसरा कॅमेरा घेतला. मुलीने दोन्ही हात मागे नेले, अंबाड्यातले काटे एकामागून एक उपटले आणि स्टुलावर टाकले. केस खांद्यांवरून खाली, कमरेपर्यंत सुटले. आईने सकाळी घातलेला गजराही निसटून पायाशी पडला. तिने तो उचलला नाही.

"आता काहाड," ती म्हणाली. तिच्या आवाजात अजून तीच चीड होती.

धम्मदिनाने मागचा साधा पडदा गुंडाळून वर केला. मागे स्टुडिओची जुनी, पोपडे उडालेली, डागाडागांची भिंत उघडी पडली. मग तिने कोपऱ्यातला उभा पंखा ओढून आणला, पूर्ण वेगावर लावला आणि तोंड क्षितिजाकडे केलं. केस सगळीकडे उडाले, तोंडावर आले, भिंतीवर पसरले. क्षितिजाने ते आवरले नाहीत. तिने कॅमेऱ्यात सरळ रोखून पाहिलं, आणि धम्मदिनाने फोटो काढला.